सिग्नल अडखळतोय? खणण्याआधी चौफेर फिरून बघा

मेटल डिटेक्टर एकदा 'टुं' करतो, पुढच्या फेरीला गप्प. अशा वेळी लगेच फावडं उचलू नका. जागेवर उभे राहून कॉइल (डिटेक्टरच्या खालच्या टोकाची चकती) आखूड झोक्यात हळूहळू फिरवा, मग काटकोनात वळून त्याच ठिपक्यावर पुन्हा फिरवा. आडवं पडलेलं नाणं दोन्ही बाजूंनी साधारण सारखंच बोलतं. खोल असेल तर आवाज बारीक येतो, पण परत परत येतो. गंजका खिळा एका दिशेने छान वाजतो आणि वळलात की करकरतो किंवा गायब होतो. पिनपॉइंट केल्यावर, म्हणजे नेमका ठिपका हेरल्यावर, आवाजाची जागा बाजूला सरकली, तरी बहुधा लोखंडच. वाकडे खिळे मात्र मलाही अजून फसवतात!

स्क्रीनवर धातूचा अंदाज देणाऱ्या आकड्यावर फार भिस्त ठेवू नका. खोलवरच्या किंवा उभ्या रुतलेल्या नाण्याचा आकडा उड्या मारतो, आणि शेजारी खिळा असला तर चांगलं नाणंही तुटक वाजतं. तिथे लहान कॉइल कामाची. डिस्क्रिमिनेशन (लोखंडासारखे नको असलेले धातू गाळणारी सेटिंग) कमी करून ऐका. खिळा निघाला तरी खड्डा बुजवण्याआधी त्यावर पुन्हा एकदा कॉइल फिरवा.