पपेट सर्व्हर स्क्रिप्टने उभा करायचा: कशानंतर काय आणि नेमकं कुठे अडकतं

बाकीची सगळी मशीन्स पपेटच्या (लिहून ठेवलेल्या कोडप्रमाणे मशीन्स जुळवणाऱ्या टूलच्या) ताब्यात, त्यांचा एकेक युजर, एकेक कॉन्फिग फाइल गिटमध्ये लिहिलेली, आणि खुद्द पपेट सर्व्हर मात्र कोणीतरी कधीतरी हाताने बसवलेला, असं फार ठिकाणी असतं. तो बसवणारा माणूस सोडून गेला किंवा डिस्क गेली की मग कळतं की त्या मशीनवर नक्की काय काय केलं होतं ते कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून हा सर्व्हर सगळ्यात आधी ऑटोमेट करावा, शेवटी नाही, असं माझं ठाम मत आहे. आणि ते वाटतं तेवढं अवघड पण नाही, फक्त क्रम पाळावा लागतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. सर्व्हरवरच्या नव्वद टक्के गोष्टी फेकून द्यायच्या लायकीच्या असायला हव्यात, म्हणजे मशीन उडवलं तरी गिटमधून परत येतील अशा. ज्या परत येऊ शकत नाहीत त्या मोजक्याच: सीएची, म्हणजे सगळ्या एजंट्सची (ताब्यातल्या मशीन्सवर चालणाऱ्या पपेटची) सर्टिफिकेट्स साइन करणाऱ्या यंत्रणेची डिरेक्टरी, आणि हायराचा (पपेटची सेटिंग्ज जिथे ठेवतात त्याचा) सीक्रेट डेटा उघडणारी ई-यामलची प्रायव्हेट की. ह्या दोन्हीचा वेगळा बॅकअप, वेगळ्या जागी, एनक्रिप्ट करून. हे झालं नसेल तर पुढची स्क्रिप्ट कितीही सुंदर लिहा, नवा सर्व्हर नवा सीए बनवेल आणि जुना एकही एजंट त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही, मग प्रत्येक मशीनवर जाऊन एसएसएल डिरेक्टरी (तिथल्या सर्टिफिकेट्सची) साफ करत बसा.

आता मुख्य अडचण कोंबडी आधी की अंडं आधी ही. पपेट सर्व्हर पपेटने कॉन्फिगर करायचा, पण त्यासाठी पपेट आधी चालू पाहिजे. ह्याचं उत्तर म्हणजे काम दोन भागात तोडायचं. पहिला भाग साधी शेल स्क्रिप्ट, होईल तेवढी छोटी, जी फक्त होस्टनेम, घड्याळ, पॅकेजेस, पपेटची कॉन्फिग आणि सीए एवढं बघते, कंट्रोल रेपो (पपेटचा सगळा कोड असलेला गिट रेपो) आणते आणि पपेट अप्लायला हाक मारते. दुसरा भाग म्हणजे पपेट अप्लाय, ज्याला सर्व्हर लागत नाही, तो लोकल कोड वाचून मशीन जुळवतो. मेमरी, फायरवॉल, पपेटडीबी (एजंट्सची माहिती साठवणारा डेटाबेस), ऑटोसाइन (सर्टिफिकेट आपोआप साइन करणं) हे सगळं ह्या दुसऱ्या भागात पपेटच्याच भाषेत लिहायचं. लोक चूक करतात ती इथे, सगळं शेल स्क्रिप्टमध्ये कोंबतात, मग ती पाचशे ओळींची होते आणि दुसऱ्यांदा चालवली की मोडते.

शेल स्क्रिप्टमध्ये पहिलं काम होस्टनेम, पॅकेजच्याही आधी. सर्टिफिकेटचं नाव मशीनच्या पूर्ण नावावरून ठरतं, आणि नंतर नाव बदललं तर सर्टिफिकेट परत बनवावं लागतं. त्याच वेळी घड्याळ, म्हणजे क्रोनी किंवा तसलं काहीतरी चालू करून वेळ जुळलीये ह्याची खात्री करा, कारण सर्व्हरचं घड्याळ पुढे असेल तर एजंटला सर्टिफिकेट अजून लागूच झालेलं नाही असं दिसतं आणि तो एरर वाचून माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

मग पॅकेजेस. इथे व्हर्जन पिन करा, नुसतं लेटेस्ट नको. आणि रिपॉझिटरी कुठली वापरायची ते जाणूनबुजून ठरवा, कारण २०२२ मध्ये परफोर्सने पपेट कंपनी घेतली आणि २०२४ च्या शेवटी त्यांनी जाहीर केलं की नवी तयार पॅकेजेस आता पूर्वीसारखी सार्वजनिक जागी येणार नाहीत, त्यावर व्हॉक्स पुपुली ह्या कम्युनिटीने ओपनव्हॉक्स नावाचा फोर्क (त्याच कोडवरून वेगळा प्रकल्प) काढला. फाइल्सचे पाथ आणि कमांड्स त्यात बहुतांशी त्याच आहेत, त्यामुळे इथलं सगळं दोन्हीकडे चालतं. पण जुन्या गाइडमधून रिपॉझिटरीची लिंक डोळे मिटून उचलू नका.

डेबियन किंवा उबुंटू असेल तर दोन गोष्टी हमखास नडतात. एक म्हणजे पॅकेज टाकताना मध्येच प्रश्न विचारणारी निळी स्क्रीन, तिच्यासाठी डेबियन फ्रंटएंडचं व्हेरिएबल नॉनइंटरॅक्टिव्ह करून ठेवायचं. दुसरी जास्त त्रासदायक, मशीन नुकतंच बूट झालेलं असताना मागे ऑटोमॅटिक अपडेट चालू असतं, त्याने लॉक धरलेला असतो आणि तुमची स्क्रिप्ट पहिल्याच इन्स्टॉलला पडते. कधी पडते कधी नाही, म्हणून शोधायला वेळ जातो. नव्या एपीटीला लॉक सुटेपर्यंत इतके सेकंद थांब असं ऑप्शनने सांगता येतं, ते सरळ द्या, स्क्रिप्टमध्ये स्लीप टाकून अंदाज बांधू नका.

त्यानंतर पपेट डॉट कॉन्फ लिहायची, सर्व्हिस सुरू करायच्या आधी, हे फार महत्त्वाचं. त्यात डीएनएस ऑल्ट नेम्स टाकायची, म्हणजे एजंट ज्या ज्या नावाने ह्या सर्व्हरला हाक मारणार ती सगळी, नुसतं पपेट हे छोटं नावसुद्धा, कारण काहीच सांगितलं नाही तर एजंट त्याच नावाने शोधतो. ही नावं सर्टिफिकेटमध्ये बनतानाच छापली जातात, मागाहून कॉन्फिगमध्ये घालून काही होत नाही. मग स्क्रिप्टला एक साधा प्रश्न विचारायला लावा: सीएचा बॅकअप मिळतोय का? मिळत असेल तर तो परत ठेवा, नसेल तरच पपेटसर्व्हर सीए सेटअप चालवा. बॅकअप नंतर टाकू असं करू नका, सर्व्हिस एकदा सुरू झाली आणि तिला सीए दिसला नाही तर ती स्वतःच नवा बनवून मोकळी होते.

बॅकअप परत ठेवताना पपेट ७ पासून सीए पपेटसर्व्हर फोल्डरखाली असतो हे लक्षात ठेवा, आधी तो एसएसएलच्या आत असायचा. दोन्ही घ्या, सीएची डिरेक्टरी आणि सर्व्हरची स्वतःची एसएसएल डिरेक्टरी, आणि मालकी पपेट युजरची राहू दे, रूटची झाली तर सर्व्हिस फाइल वाचू शकत नाही. बॅकअप रोजचा असावा. जुना बॅकअप टाकला तर मधल्या काळात रद्द केलेली सर्टिफिकेट्स परत चालू होतात, कारण रद्द केलेल्यांची यादीही जुनीच आलेली असते, आणि सिरियल नंबरही परत तेच वाटले जातात. रद्द केलेलं मशीन परत आत येणं हा साधा प्रश्न नाही, त्यामुळे इथे कंजूषी नको.

आता गिट. कंट्रोल रेपो आणायचं काम आर-टेन-के कडे द्या, तो रेपोच्या प्रत्येक ब्रांचचं एक एन्व्हायर्नमेंट (कोडची वेगळी प्रत) बनवतो आणि पपेटफाइल मधली मॉड्यूल्स ओढतो. तो पपेटच्याच आतल्या जेमने टाका, सिस्टीमच्या रूबीने नको, आणि त्याचंही व्हर्जन पिन करा. रेपोसाठी फक्त वाचण्यापुरती डेप्लॉय की बनवा. पहिल्यांदा एसएसएच जोडताना ते होस्टची ओळख पटवायला यस की नो विचारतं, स्क्रिप्टमध्ये उत्तर द्यायला कोणी नसतं, म्हणून गिट सर्व्हरची होस्ट की आधीच नोन होस्ट्स मध्ये लिहून ठेवा. नेटवर सर्रास होस्ट की तपासणीच बंद करा असं सुचवलेलं असतं, ते ह्या मशीनवर तरी करू नका, इथून जो कोड येतो तो सगळ्या मशीन्सवर रूट म्हणून चालणार आहे.

कोड आला की पपेट अप्लाय, प्रॉडक्शन एन्व्हायर्नमेंट देऊन, आणि त्यात फक्त एक रोल क्लास (ह्या मशीनवर काय काय हवं ते सांगणारा कोड) इन्क्लूड करायचा. इथला एक खड्डा जरा जवळून बघू. स्क्रिप्टच्या डोक्यावर आपण चांगल्या सवयीने सेट मायनस ई लिहिलेलं असतं, म्हणजे कुठलीही कमांड शून्य सोडून काही परत देईल तर स्क्रिप्ट थांबेल. आता पपेट अप्लाय नुसता चालवला तर आतली काही रिसोर्सेस (फाइल, पॅकेज, सर्व्हिस अशा एकेक गोष्टी) फेल झाली तरी तो शून्य देतो, आणि स्क्रिप्ट सगळं छान झालं म्हणून पुढे जाते. म्हणून डिटेल्ड एक्झिटकोड्स हा ऑप्शन लावायचा. पण तो लावला की शून्य म्हणजे काहीच बदललं नाही, २ म्हणजे बदल झाले आणि नीट झाले, ४ म्हणजे काहीतरी फेल, ६ म्हणजे बदलही झाले आणि फेलही. नव्या मशीनवर यशस्वी रनचा कोड २ असणार, आणि सेट मायनस ई त्याला एरर समजून स्क्रिप्ट मारून टाकते! तेव्हा कोड व्हेरिएबलमध्ये पकडा, शून्य किंवा २ असेल तर पुढे जा, बाकी कशालाही थांबा. पपेट एजंट मायनस मायनस टेस्ट मध्ये हा ऑप्शन आपोआप लागलेला असतो, तिथेही हेच.

रोल क्लासमध्ये काय असावं? मेमरी पहिली. पपेट सर्व्हर जेव्हीएमवर (जावाच्या यंत्रणेवर) चालतो आणि डीफॉल्ट हीप, म्हणजे त्याची मेमरी, २ जीबी धरतो, छोट्या टेस्ट मशीनवर तो सुरूच होत नाही किंवा मध्येच मरतो. हे आकडे डेबियनकडे इटीसी डीफॉल्ट मधल्या आणि रेड हॅटकडे इटीसी सिसकॉन्फिग मधल्या पपेटसर्व्हर फाइलीत असतात, ते हायरातून द्या म्हणजे टेस्टला कमी आणि खऱ्याला जास्त असं ठेवता येतं. मग फायरवॉलमध्ये ८१४० पोर्ट. पपेटडीबी हवा असेल तर त्याचं तयार मॉड्यूल पोस्टग्रेससकट सगळं बसवतं, हाताने लिहायची गरज नाही. पपेटडीबी रिकामा आला तरी एजंट्सचे फॅक्ट्स (मशीन्सची माहिती) पुढच्या रनला परत भरतात, एजंट डीफॉल्टने दर ३० मिनिटांनी येतोच. मात्र एक्सपोर्टेड रिसोर्सेस (एका मशीनने दुसऱ्यासाठी पपेटडीबीत ठेवलेली) वापरत असाल तर सांभाळून, पहिले काही रन ते अर्धेच भरलेले असतात आणि मॉनिटरिंगच्या कॉन्फिगमध्ये पर्ज (यादीत नाही ते काढून टाकणं) चालू असेल तर निम्मी मशीन्स मॉनिटरिंगमधून गायब होतात. सगळे एजंट एकदा येऊन जाईपर्यंत मॉनिटरिंगच्या मशीनवर एजंट बंद ठेवा.

ऑटोसाइनबद्दल थोडं कडक बोलतो. ऑटोसाइन ट्रू करून ठेवणं म्हणजे जो कोणी ८१४० पर्यंत पोचेल त्याला सर्टिफिकेट, आणि सर्टिफिकेट मिळालं की त्याच्या नावाचा कॅटलॉग (त्या मशीनवर काय काय असावं त्याची यादी), त्यातले पासवर्डसुद्धा. नावाच्या पॅटर्नवर साइन करणं थोडंसंच बरं, नाव काय कोणीही सांगू शकतो. नीट उपाय म्हणजे पॉलिसी स्क्रिप्ट: सर्व्हर तिला नाव आर्ग्युमेंटमध्ये आणि सर्टिफिकेटची रिक्वेस्ट स्टँडर्ड इनपुटवर देतो, स्क्रिप्टने शून्य दिलं तर साइन, नाहीतर नाही. एजंटच्या बाजूला सीएसआर अॅट्रिब्यूट्स ह्या यामल फाइलीत चॅलेंज पासवर्ड ठेवायचा, पहिल्या रनच्या आधी, आणि स्क्रिप्टने तो तपासायचा.

हे सगळं क्लाउडवर चालवायचं असेल तर शेल स्क्रिप्ट क्लाउड-इनिटला (क्लाउडवरचं नवं मशीन सुरू होताना ते तयार करणाऱ्या प्रोग्रामला) यूजर डेटा म्हणून द्या, ती पहिल्या बूटला एकदाच चालते. ॲमेझॉनच्या ईसीटूवर ह्याला १६ केबीची मर्यादा आहे, स्क्रिप्ट छोटी ठेवायला अजून एक कारण. यूजर डेटात की किंवा पासवर्ड अजिबात नको, मशीनवरचा कुठलाही प्रोसेस सहसा १६९.२५४.१६९.२५४ ह्या मेटाडेटाच्या पत्त्यावरून तो वाचू शकतो. मशीनला क्लाउडचा रोल (परवानग्यांचा) द्या आणि डेप्लॉय की, ई-यामलची की, सीएचा बॅकअप हे सीक्रेट स्टोअरमधून किंवा बंद बकेटमधून ओढू द्या. काही अडलं तर आधी क्लाउड-इनिटचा आउटपुट लॉग उघडा, शंभरातल्या नव्वद वेळा उत्तर तिथेच असतं. एक लहानशी पण नेहमीची भानगड, पपेटच्या कमांड्स ऑप्ट खालच्या पपेटलॅब्सच्या बिन फोल्डरमध्ये असतात आणि नव्या शेलशिवाय त्या पाथमध्ये येत नाहीत, म्हणून स्क्रिप्टमध्ये पूर्ण पाथ लिहा.

सर्व्हिस सुरू केल्यावर लगेच एजंट चालवू नका, जेव्हीएमला उठायला वेळ लागतो. स्टेटसचा सिंपल एंडपॉइंट रनिंग म्हणेपर्यंत लूपमध्ये विचारत राहा, वरती पाचेक मिनिटांची मर्यादा घालून. मग शेवटी एजंट स्वतःच्याच सर्व्हरकडे चालवायचा. इथून पुढे सर्व्हर स्वतःला सांभाळतो, पण अप्लायचा रस्ता कायम चालू ठेवा. एखाद्या कमिटने सर्व्हरचाच क्लास मोडला तर एजंटला कॅटलॉग मिळणार नाही, तेव्हा कोड दुरुस्त करून हाताने अप्लाय मारणं हाच मार्ग उरतो.

सॉल्ट (पपेटसारखंच दुसरं टूल) वापरणाऱ्यांनाही बहुतेक हेच लागू आहे, पोर्ट ४५०५ आणि ४५०६, आणि जपायची गोष्ट म्हणजे मास्टरच्या पीकेआय डिरेक्टरीतल्या कीज.

टेस्टिंग व्हेग्रंटवर (आपल्याच कॉम्प्युटरवर व्हर्च्युअल मशीन्स उभी करणाऱ्या टूलवर) करा किंवा क्लाउडवर, पण मशीन पूर्ण उडवून. चालू मशीनवर स्क्रिप्ट परत चालवून पास झाली ह्याला अर्थ नाही, तिथे आधीचं बरंच काही शिल्लक असतं. नव्या मशीनवर एकदा चालवा, कोड २ आला पाहिजे, लगेच परत चालवा, शून्य आला पाहिजे. दुसऱ्यांदाही २ येत असेल तर कुठलंतरी रिसोर्स दर वेळी बदलतंय, बहुतेक एखादा एक्झेक (कमांड चालवणारं रिसोर्स) ज्याला अनलेस (काम आधीच झालं असेल तर चालवू नको ही अट) लावलेलं नाही, तो शोधून काढा. आणि एका टेस्ट एजंटचं जुन्या सीएने साइन केलेलं सर्टिफिकेट तसंच ठेवून त्याला नव्या सर्व्हरकडे वळवा. तो काही न विचारता कॅटलॉग घेऊन गेला तर तुमचा रिस्टोअर खरा आहे. हा जॉब सीआयमध्ये (चाचण्या आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेत) दर आठवड्याला लावून टाका, पॅकेजची लिंक बदलली किंवा कोणी रेपोची डेप्लॉय की काढून टाकली तर ते खरा सर्व्हर पडायच्या आधी कळतं.