नवरा जर्मन आहे आणि आता त्याच्या देशात राहायला जायचंय? मग हे आधी करा

दुबई, सिंगापूर, लंडन अशा कुठल्यातरी तिसऱ्याच देशात भेटलात, लग्न केलंत, आणि आता तो म्हणतोय की चल जर्मनीला जाऊया. खूप जणी विचारतात म्हणून सगळं एकदाच लिहितेय. तिसऱ्या देशात तुम्ही दोघंही बाहेरचे असता, दोघांनाही सगळं सारखंच नवीन. त्याच्या देशात मात्र घर, बँक, वीज, इंटरनेट सगळं त्याच्या नावावर होतं आणि प्रत्येक फोन त्यालाच करावा लागतो. त्यात त्याचा काही दोष नसतो, पण सहा महिन्यांत आपलं आपल्याला काहीच येत नाही असं वाटायला लागतं, म्हणून सुरुवातीपासून स्वतःच्या नावाची कागदं आणि स्वतःची भाषा या दोन गोष्टी धरून ठेवा.

आधी व्हिसा. आयटीतल्या मैत्रिणी सांगतील की जर्मनची परीक्षा लागतच नाही, आम्ही तशाच आलो. त्यांचं खरंच आहे, पण त्यांचे नवरे ब्लू कार्डवर, म्हणजे बाहेरून आलेल्या उच्चशिक्षित नोकरदारांच्या परवान्यावर आहेत आणि त्या व्हिसाला ती सूट आहे. तुमचा नवरा जर्मन नागरिक असेल तर साधारणपणे ए१, म्हणजे जर्मनची सगळ्यात पहिली पातळी, लागतंच. पुण्यात किंवा मुंबईत असाल तर मॅक्सम्युलर भवनला परीक्षेची तारीख आधीच बघून ठेवा, जागा पटापट भरतात. आणि प्लीज फक्त ए१ वर थांबू नका, झेपेल तेवढं पुढचं इथूनच शिकून जा, कारण तुम्ही दोघं इंग्लिशमध्ये प्रेमात पडलात तरी सासूबाई, शेजारी आणि डॉक्टरची रिसेप्शनिस्ट इंग्लिशमध्ये बोलतीलच असं नाही.

कागदांमध्ये आपल्याकडचा नेहमीचा घोळ नावाचा. जन्मदाखल्यावर बाळाचं नावच नसतं, दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, पासपोर्टवर वडिलांचं नाव गिव्हन नेममध्ये. जर्मन ऑफिसात एका अक्षराचा फरक असला तरी विचारतात, त्यामुळे भारतात असतानाच सगळीकडे एकच स्पेलिंग करून घ्या, तिथून करायला फार त्रास होतो. तुमची डिग्री आणि युनिव्हर्सिटी अनाबिन या सरकारी डेटाबेसमध्ये आहे का तेही आत्ताच बघा, नोकरी शोधताना उपयोगी पडतं.

पोचल्यावर पहिलं काम आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते आणि त्याला घरमालकाचं पत्र लागतं. त्याच दिवशी लेटरबॉक्सवर आणि बेलवर तुमचं आडनाव लावा!! हे कुणी सांगत नाही. तिथे पत्र नाव बघून टाकतात, नाव नसेल तर परत जातं, आणि टॅक्स आयडी, बँकेचं कार्ड, इन्शुरन्स सगळं पोस्टानेच येतं. नोकरी लागेपर्यंत, नवरा सरकारी हेल्थ इन्शुरन्समध्ये असेल तर वेगळे पैसे न भरता तुम्हाला त्यातच घेतात. बँकेत स्वतःचं खातं उघडा, जॉइंट असलं तरी एक आपलं वेगळं हवंच. भारतातलं ड्रायव्हिंग लायसन्स सहा महिने चालतं, नंतर तिथली लेखी आणि गाडीची दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात आणि ते खर्चिक आहे, म्हणून पैसे बाजूला ठेवून जा.

आता जरा अवघड विषय, पण सांगणारच. पहिली काही वर्षं तुमचं तिथलं राहणं या लग्नावर अवलंबून असतं. लग्नानंतर दोघांनी तिथे तीन वर्षं एकत्र काढली की मग नातं तुटलं तरी राहायचा हक्क साधारण तुमचा स्वतःचा होतो, आणि घरात छळ होत असेल तर त्याआधीही कायद्यात सोय आहे. सगळं छान चाललेलं असताना हे माहीत असलेलं बरं, आणि नवऱ्याशीही मोकळेपणाने बोला, चांगला माणूस असेल तर त्याला राग येणार नाही.

काम करायची परवानगी या व्हिसावर पहिल्या दिवसापासून असते, त्यामुळे भाषा पक्की होईपर्यंत घरीच बस असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. सरकारी इंटिग्रेशन कोर्स, म्हणजे नवीन आलेल्यांसाठीचा भाषेचा आणि देशाच्या ओळखीचा वर्ग, मिळाला तर नक्की घ्या, त्यात साधारण ६०० तास भाषेचे असतात आणि वर्गातल्या बाकीच्या बायकाही तुमच्यासारख्याच नवीन असतात, माझ्या तिथल्या पहिल्या स्वतःच्या मैत्रिणी मला तिथेच मिळाल्या. म्युनिक, बर्लिनसारख्या शहरात मराठी मंडळ आहे, गणपतीला जा. आणि घरी आठवड्यातले दोन दिवस ठरवून फक्त जर्मन बोला, नवऱ्याला सांगून ठेवा की चुका नंतर सुधार, आधी वाक्य पूर्ण होऊ दे.