बचत गटात नवे नेतृत्व कसे घडवावे
१० ते २० सभासदांच्या महिला बचत गटात नवे नेतृत्व घडवायचे असेल, तर नवीन सभासदाकडे प्रथम बैठकीचे इतिवृत्त, म्हणजे कामकाजाची नोंद, लिहिण्याचे काम सोपवावे. कोणी कर्ज मागितले, कोणाचा हप्ता थकला आणि निर्णय कसा झाला हे लिहिताना तिला नीट ऐकण्याची सवय लागते, आणि माझ्या मते नेतृत्वाचा खरा पाया तोच आहे. त्यानंतर अंतर्गत कर्जाच्या, म्हणजे गटाच्या बचतीतून सभासदांना दिल्या जाणाऱ्या कर्जाच्या, मागण्यांवरील चर्चा तिला चालवू द्यावी. दोघींना एकाच वेळी पैसे हवे असतात आणि शिल्लक अपुरी असते, तेव्हा अनुभवी अध्यक्षांनी स्वतः तोडगा न सांगता, दोघींची गरज सर्वांसमोर मांडण्यास तिला सांगावे. काय चुकले, ते बैठकीनंतर तिला एकटीला सांगावे. बँकेतही सोबत न्यावे. पदे ठरावीक मुदतीने बदलावीत आणि जुन्या अध्यक्षांनी पुढील काही बैठकांत मुद्दाम सर्वांत शेवटी बोलावे.