मुरगावात युद्धनौका धक्क्याला लावण्याआधी टगची तयारी

सुरुवात भरती-ओहोटीच्या कोष्टकापासून करा. मुरगावला उधाणाच्या दिवसांत पाणी दोनेक मीटर चढतं-उतरतं, आणि पावसाळ्यात जुवारीला पूर आला की ओहोटीची ओढ आणखी वाढते. नौका प्रवाहात आडवी धरावी लागणार असेल, तर एक टग (मोठ्या जहाजाला ओढणारी-ढकलणारी छोटी, ताकदवान बोट) पुरेल का हे निघण्याआधीच पायलटशी, म्हणजे नौकेला बंदरात आणणाऱ्या वाटाड्याशी, बोलून ठरवा.

इंजिनं सुरू करण्यापूर्वी समुद्राचं पाणी आत घेणारी गाळणी उघडून साफ करा. जूननंतर नदीतून पालापाचोळा आणि प्लास्टिक येतं. गाळणी तुंबली की इंजिन तापतं, तेही नेमकं पूर्ण जोर लावलेला असताना. मग दोन्ही थ्रस्टर (टगच्या तळाचे, सगळीकडे वळणारे पंखे) पूर्ण फिरवून ब्रिजवरचा, म्हणजे टग चालवायच्या खोलीतला, काटा खाली थ्रस्टरवरच्या खुणेशी जुळतो का ते बघा.

ओढायचा दोर सगळाच्या सगळा हाताखालून जाऊ द्या. फासाजवळचे पहिले काही मीटर आधी झिजतात, कारण नौकेच्या फेअरलीडवर (दोर बाहेर काढायच्या कडीवर) तेच घासतात. धागे वितळून काचेसारखे कडक झाले असतील, तर तेवढा भाग कापून फास नव्यानं गुंफा.

सगळ्यांत जास्त वेळ टोइंग हुकाला, म्हणजे टगवर दोर अडकवायच्या आकड्याला, द्या. ताण नसलेला हुक सहज सुटतो, ती चाचणी खरी नव्हे. दोर ताणून एकदा ब्रिजवरून आणि एकदा हुकाजवळच्या लिव्हरनं सोडून बघा. नौकेनं अचानक वेग घेतला आणि दोर टगच्या बाजूनं आडवा ताणला गेला, तर टग कुशीवर ओढला जातो, डेकची कड पाण्याखाली जाते आणि उलटायला काही सेकंद पुरतात. त्यात दार उघडं असेल तर सावरणं अशक्य. आपल्याकडच्या उकाड्यात इंजिनरूमचं दार हवेसाठी उघडं ठेवायची सवय असते. दोर घेण्याआधी ते दार आणि सगळे हॅच (डेकवरची झाकणं) बंद आहेत, याची सारंगानं (टगच्या प्रमुखानं) स्वतः हात लावून खात्री करावी.

युद्धनौकेचा पत्रा व्यापारी जहाजापेक्षा पातळ असतो. कुठे ढकलायचं ते नौकेला विचारून घ्या आणि आतून आडभिंत असलेल्या जागीच नाक टेकवा. पाण्याखाली पुढे सोनारचा (आवाजानं पाण्याखालचं शोधणाऱ्या यंत्राचा) घुमट, मधे नौकेचं डोलणं कमी करणारे स्टॅबिलायझरचे पंख, मागे प्रॉपेलर. टगवरून यातलं काही दिसत नाही. फेंडरच्या (टगच्या नाकावरच्या रबरी गादीच्या) साखळ्या, बोल्ट बाहेर आलेले नसावेत. रबरावर पाणी मारून ठेवा, कोरडं रबर पत्र्यावर काळे पट्टे पाडतं.

व्हीएचएफ रेडिओचा चॅनेल बोलून तपासा. रेडिओ बंद पडला तर शिट्टीच्या कोणत्या खुणा वापरायच्या तेही पायलटशी ठरवून ठेवा. दोराला ताण आला की त्याच्या रेषेत डेकवर एकही खलाशी उभा राहता कामा नये.