मराठी वेबसाइट सर्वांना वापरता यावी म्हणून काय करायचं

अंध वाचक वेबसाइट ऐकतो. विंडोजवर एनव्हीडीए, अँड्रॉइडवर टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर हे स्क्रीन रीडर पानामागचा मजकूर घेऊन तो उच्चारतात. पान डोळ्यांना कसं दिसतं याच्याशी त्यांचा फारसा संबंध नसतो. म्हणून मराठी वेबसाइटवर काम सुरू करताना पहिला प्रश्न असा विचारायचा: पानावर दिसणारी मराठी संगणकालाही मराठी म्हणून कळते का?

तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. एक परिच्छेद निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. देवनागरी जशीच्या तशी उमटली, तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत आहे. असंबद्ध इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उमटली, तर मजकूर कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहे. अशा फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात, त्यामुळे स्क्रीन रीडर ती इंग्रजी अक्षरंच वाचतो. काहीच निवडता आलं नाही, तर ते चित्र आहे. सूचना, निमंत्रणं, निकाल आणि वेळापत्रकं जेपीजी करून टाकण्याची सवय मराठी संस्थांमध्ये फार खोलवर रुजली आहे, आणि सर्वांत जास्त वाचक तिथेच अडतात. जुना मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये बदला, पण नंतर माणसाने मुद्रितशोधन केलंच पाहिजे, कारण रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात.

पीडीएफमध्ये आणखी एक अडचण आहे. युनिकोडमध्ये टाइप केलेल्या फाइलमधूनही काही सॉफ्टवेअर पीडीएफ करताना फक्त आकार जपतात आणि अक्षरांचा क्रम हरवतो. कॉपी केल्यावर वेलांटी भलत्याच अक्षराला लागते. त्यामुळे पीडीएफलाही नोटपॅडची तपासणी लावा. वर्डमधून पीडीएफ करताना दस्तऐवजाची रचना दाखवणारे टॅग जोडण्याचा पर्याय चालू ठेवा. सूचना दोन-तीन पानांची असेल, तर ती साध्या वेबपानावरच लिहा. पीडीएफ सोबत हवी तर जोडा.

मजकूर शुद्ध झाला की पानाची भाषा सांगा. पानाच्या कोडमधल्या एचटीएमएल टॅगच्या लँग या गुणधर्माची किंमत ‘एमआर’ (mr, मराठीचा भाषाकोड) हवी. विकत घेतलेल्या टेम्प्लेटमध्ये ती बहुधा ‘ईएन’ (en, इंग्रजी) असते आणि तशीच राहते. मग स्क्रीन रीडर इंग्रजी आवाज लावतो, देवनागरी गाळतो किंवा तिचा उच्चार बिघडवतो. मध्येच इंग्रजी परिच्छेद आला, तर तेवढ्या भागाला वेगळी भाषा द्या. याचा डोळस वाचकांनाही लाभ होतो: काही देवनागरी फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ वेगळे असतात आणि भाषा ‘एमआर’ असेल तेव्हाच ते दिसतात. टेम्प्लेटमधली न दिसणारी लेबलंही तपासा. मेनू उघडण्याच्या, खिडकी बंद करण्याच्या किंवा पुढचा फोटो दाखवण्याच्या बटणांची नावं इंग्रजीतच राहिलेली असतात.

रंगांचे नियम आकड्यांत आहेत. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची डब्ल्यूसीएजी २.२ ही सर्वांना वापरता येणाऱ्या वेबसाइटची मार्गदर्शक तत्त्वं ऑक्टोबर २०२३मध्ये आली. त्यांच्या ‘एए’ पातळीनुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) किमान ४.५:१ हवा. २४ पिक्सेल किंवा त्याहून मोठ्या अक्षरांना ३:१ चालतो. पांढऱ्यावर ७६७६७६ या कोडचा करडा रंग जेमतेम पास होतो, ७७७७७७ नापास होतो. मराठी वेबसाइटवर नेहमी दिसणारी जोडी म्हणजे भगव्या पट्टीवर पांढरी अक्षरं. एफएफ९९३३ या भगव्यावर ती जेमतेम २.१:१ भरतात. उन्हात मोबाइल धरलेल्या माणसालाही ती वाचता येत नाहीत. त्याच भगव्यावर काळी अक्षरं साडेनऊच्या वर जातात, म्हणजे रंग बदलायचीही गरज नाही. ‘लाल रकाने भरा’ असं फक्त रंगावर अवलंबून लिहू नका; रकान्याशेजारी ‘आवश्यक’ हा शब्द द्या.

देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळे ओळीची उंची अक्षराच्या किमान दीडपट ठेवा. बटणाला किंवा चौकटीला पिक्सेलमध्ये ठरावीक उंची दिली, तर वाचकाने अक्षर मोठं करताच उकार कापले जातात. ठरावीक उंचीऐवजी किमान उंची द्या. दोन अक्षरांमधलं अंतर वाढवण्याचा इंग्रजी डिझाइनमधला प्रकार मराठी शीर्षकांना लावू नका, शिरोरेषा तुटते. पान २०० टक्के मोठं केल्यावर काही हरवता कामा नये, आणि ३२० पिक्सेल रुंदीत ते आडवं सरकवावं लागू नये. मोबाइलवर चिमटीने मोठं करणं बंद करणारी ओळ व्ह्यूपोर्ट टॅगमध्ये (पान मोबाइलच्या पडद्यावर कसं बसवायचं ते सांगणाऱ्या टॅगमध्ये) असेल, तर ती आजच काढा.

शीर्षकं खरी शीर्षकं असू द्या. मोठी ठळक अक्षरं म्हणजे शीर्षक नव्हे. शीर्षकाचे टॅग पातळीनुसार वापरा: पानाचं एक एच१, त्याखाली एच२, त्याखाली एच३. एनव्हीडीए वापरणारा ‘एच’ दाबत एका शीर्षकावरून पुढच्यावर जातो. शीर्षकंच नसतील, तर त्याला संपूर्ण पान ओळीओळीने ऐकावं लागतं. दुवा ‘इथे क्लिक करा’ असा नको, ‘प्रवेश अर्ज डाउनलोड करा’ असा हवा, कारण अनेक जण फक्त दुव्यांची यादी काढून ऐकतात. चित्राच्या ऑल्टमध्ये, म्हणजे चित्राऐवजी वाचल्या जाणाऱ्या मजकुरात, ते चित्र तिथे कशासाठी आहे ते एका वाक्यात लिहा. निव्वळ सजावटीच्या चित्राचा ऑल्ट रिकामा ठेवा, पण गाळू नका. गाळला तर बऱ्याचदा फाइलचं नाव वाचलं जातं.

आता माउस बाजूला ठेवा. हात थरथरणाऱ्या, पक्षाघात झालेल्या आणि अंध माणसांसाठी कीबोर्ड हाच रस्ता असतो. टॅबने पुढे, शिफ्ट-टॅबने मागे, एंटरने दुवा उघडा, स्पेसने बटण दाबा, एस्केपने खिडकी बंद करा. प्रत्येक थांब्यावर आपण कुठे आहोत ते चौकटीने दिसलं पाहिजे. ही चौकट ‘दिसायला बरी नाही’ म्हणून पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये आउटलाइन नन लिहून काढली जाते. ती परत आणा, आवडत नसेल तर स्वतःच्या रंगात जाड आखा. टॅब एखाद्या बटणावर थांबतच नसेल, तर ते बहुतेक डिव्ह या साध्या चौकटीच्या टॅगला क्लिक जोडून बनवलेलं असतं. त्यावर एरियाचे (ARIA, स्क्रीन रीडरला जादा माहिती देणारे) गुणधर्म चढवत बसण्यापेक्षा खरा बटण टॅग वापरा; कीबोर्डचं वागणं त्यात आयतं मिळतं. फक्त माउस नेल्यावर उघडणारे मेनू एंटरनेही उघडले पाहिजेत. पानाच्या अगदी सुरुवातीला ‘मुख्य मजकुराकडे जा’ हा दुवा द्या, म्हणजे दर पानावर सगळा मेनू ओलांडावा लागत नाही.

सर्वांत जास्त काळजी फॉर्मची घ्या, कारण प्रवेश, पैसे आणि अर्ज तिथेच अडतात. रकान्यातली फिकट सूचना म्हणजे लेबल नव्हे. टाइप करू लागताच ती नाहीशी होते. प्रत्येक रकान्याला लेबल टॅग द्या आणि फॉर व आयडी या गुणधर्मांनी तो रकान्याशी जोडा. चूक झाली तर ‘अवैध माहिती’ एवढंच न सांगता ‘मोबाइल क्रमांकात १० अंक हवेत’ असं त्या रकान्याशेजारी लिहा आणि आधी भरलेली माहिती पुसू नका. मराठी कीबोर्डवरून लोक ९८ असे देवनागरी अंक टाइप करतात. ‘नंबर’ प्रकारचा रकाना ते बहुधा स्वीकारत नाही, म्हणून फोन आणि पिनकोडसाठी ‘टेल’ किंवा साधा मजकुराचा रकाना ठेवा आणि अंकांचं रूपांतर सर्व्हरवर करा. पासवर्ड आणि ओटीपी पेस्ट करणं अडवू नका. फक्त चित्रातली अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा अंध माणसाला दारातच थांबवतो. तो काढा आणि बॉट (आपोआप फॉर्म भरणारे प्रोग्राम) अडवण्याचं काम सर्व्हरकडे द्या.

सरकती पट्टी पाच सेकंदांहून जास्त चालत असेल, तर थांबवायचं बटण हवं. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकणारं काहीही नको, त्याने अपस्माराचा झटका येऊ शकतो. व्हिडिओला मराठी कॅप्शन द्या. त्यात बोलणाऱ्याचं नाव आणि महत्त्वाचे आवाजही लिहा.

भारतात हा कायद्याचाही विषय आहे: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ आणि ३० एप्रिल २०२५ रोजीचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, ज्यात डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१खालच्या हक्काचा भाग मानला आहे. कोपऱ्यात अक्षर लहान-मोठं करणारं विजेट बसवल्याने यातलं काहीच पुरं होत नाही, कारण मूळ पानातली लेबलं, शीर्षकं आणि बटणं तशीच राहतात.

शेवटी तपासणी. लाइटहाउस किंवा ॲक्स (axe) ही पान आपोआप तपासणारी साधनं चालवा, पण ऑल्टबद्दल ती तो आहे की नाही एवढंच सांगतात, त्यात अर्थ आहे का ते सांगत नाहीत. त्यानंतर एनव्हीडीए मोफत उतरवा, स्क्रीन बंद करा आणि स्वतःचा फॉर्म सुरुवातीपासून शेवटपर्यंत भरा. मग रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दोघा-तिघांना मानधन देऊन बोलवा. ‘वेबसाइट कशी वाटली’ असं विचारू नका. ‘पाचवीचा प्रवेश अर्ज भरा’ असं ठोस काम द्या, मध्ये बोलू नका, आणि ते कोणत्या रकान्यावर थांबले ते लिहून घ्या. दुरुस्ती त्याच रकान्यापासून सुरू करा.