पाकटाचं पोट आणि आपला खिसा

आमच्या घरात भाकऱ्या दोन प्रकारच्या. एक आई थापते ती, आणि दुसरी हॉलमधल्या आठ फुटी टाकीत वाळूवर सपाट पडून असते ती. ही दुसरी म्हणजे मोटोरो जातीची पाकट, म्हणजे स्टिंगरे मासा. मूळ दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधली, तपकिरी पाठीवर नारिंगी ठिपके. भाकरी हे नाव पुतणीने ठेवलं.

गोड्या पाण्यातली पाकट पाळायची हौस पुष्कळांना येते, पण तिची भूक आधी कोणी सांगत नाही. दिवसातून दोनदा तिला भरपेट लागतं, पिल्लू असेल तर तीनदा. पहिल्या वर्षी मी दुकानातून जिवंत गोल्डफिश आणि ब्लडवर्म नावाच्या अळ्यांच्या गोठवलेल्या वड्या आणत होतो. महिन्याला साडेतीन हजार जायचे. आता बाराशेच्या आत भागतं, आणि ती तेव्हापेक्षा जाड आहे.

काटकसर करायची ती खरेदीत, खाण्याच्या मापात नाही. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना कमरेचा सांगाडा वर दिसायला लागला किंवा तिथे खळगे पडले, तर ती उपाशी आहे समजा. ही जागा मी रोज बघतो.

गोल्डफिश आधी बंद करा. एक तर दुकानातल्या खचाखच टाकीतला रोग बरोबर येतो. दुसरं, गोल्डफिशच्या कार्प कुळातल्या बऱ्याच माशांत थायमिनेज असतं, ते बी-1 जीवनसत्त्व मोडतं. गोठवल्याने ते मरत नाही. शिजवल्याने मरतं, पण मग उकडलेला मासा घालण्यापेक्षा मासाच बदललेला बरा. कोंबडी-मटणही नको, त्यातली चरबी तिला पचत नाही.

माझा मुख्य माल म्हणजे चिलापी, म्हणजेच तिलापिया. हिच्यात थायमिनेजची भानगड नाही, चरबी कमी, आणि नाशिकला ती बारा महिने मिळते. मी भद्रकालीतून घेतो. तिथल्या मासेवाल्या मावशीला एकदा सांगितलं की घरी पाकट आहे, तिच्यासाठी हवी. ती म्हणाली, "दादा, पाकटाचं आम्ही कालवण करतो, तुम्ही त्यालाच जेवू घालता?" तेव्हापासून मासा साफ करून देताना काटेरी पर न सांगता काढते.

घेण्याची खरी वेळ श्रावण. अर्धं नाशिक मासे सोडतं आणि भाव उतरतो. समुद्रातली मासेमारीची बंदी 31 जुलैला संपते, त्यामुळे करंदीही त्याच सुमारास परत यायला लागते. त्या महिन्यात मी सात-आठ किलो चिलापी एकदम उचलतो. आता हे ठेवायचं कुठे? आई माळकरी, घरच्या फ्रिजला मासा लागता कामा नये. म्हणून अंबडच्या माझ्या वर्कशॉपमध्ये आइस्क्रीमवाल्याचा जुना डीप फ्रीझर घेऊन ठेवलाय. एक सांगतो: लेथवरून थेट माशाला हात लावू नका. यंत्रावरच्या कूलंटचं तेल साबणाने दोनदा धुतल्याशिवाय जात नाही.

मासा अंगठ्याच्या नखाएवढा कापायचा. पाकट दिसते ताटाएवढी, तोंड मात्र खाली आणि लहान. तुकडे पिशवीत पातळ पसरून गोठवले की चिक्कीसारखे हवे तेवढे मोडता येतात. किमान दोन आठवडे कडक गोठल्याशिवाय मी वापरत नाही, परजीवी मरतात. तीन महिन्यांच्या पुढे ठेवत नाही. वाढताना तुकडे वितळवून सुटलेलं पाणी फेकून द्या. ते टाकीत गेलं की अमोनिया वाढतो, आणि पाकटाला अमोनिया अजिबात सोसत नाही.

आठवड्यातून दोनदा करंदी, कवचासकट. तिच्यातही थोडंफार थायमिनेज असू शकतं, म्हणून रोज नाही. सुका जवळा स्वस्त दिसतो, पण खारट असतो, त्याच्या नादी लागू नका.

रविवारी वड्या करतो. अर्धा किलो चिलापी, पाव किलो करंदी आणि मूठभर मांसाहारी माशांचं बुडणारं खाद्य मिक्सरमधून काढायचं (मिक्सर वेगळा, नाहीतर घरात महाभारत). 300 मिली पाण्यात दहा ग्रॅम चायना ग्रास उकळायचं, कोमट होऊ द्यायचं, पण गोठायच्या आत मिश्रणात ओतायचं. जिलेटिन वापरून पाहिलं होतं, 28 अंशांच्या पाण्यात ते मऊ पडून पसरतं. चायना ग्रास टिकतं. सुरुवातीला भाकरी वडीला तोंड लावेना, मग वडीत गांडुळाचा तुकडा खोचून ठेवला. चौथ्या दिवशी नुसती वडी गेली.

वाढायला लांब चिमटा. हाताने भरवण्याचे व्हिडिओ बघून भुलू नका, शेपटीवरचा काटा विषारी असतो. लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून दवाखाना गाठा. आणि अर्ध्या तासाने उरलेलं काढताना तिच्या अंगाखालीही बघा. डोळे वर, तोंड खाली, त्यामुळे खाल्लं की नुसतीच त्यावर बसली हे वरून कळत नाही.

राहिली गांडुळं. याहून आवडतं खाणं तिला नाही आणि याहून स्वस्त आपल्याला नाही. मी आधी निफाडजवळ मामाच्या द्राक्षबागेत खणायला गेलो होतो. डबा भरत आला तेव्हा मामा म्हणाला, "अरे, मागच्या आठवड्यात बोर्डो मारलंय." बोर्डो म्हणजे चुना आणि मोरचूद, मोरचूद म्हणजे तांबं. तांबं पाकटाला विषासारखं आहे, आणि बागेच्या मातीत ते वर्षानुवर्षं साठत असतं. डबा तिथेच उलटा केला. गांडूळखत विकणाऱ्याकडून घ्या, पण लाल, छोटी, दुर्गंधी सोडणारी जात नको. ती चवीला कडू असावी, भाकरी थुंकते. मोठी आफ्रिकन जात मागा. एक किलो घेतली, भाजीच्या क्रेटमध्ये जुनं शेणखत आणि ओला कागद घालून सोडली, दोन वर्षं पुरतायत. कांद्याची सालं आणि लिंबू टाकू नका. खायला घालण्याआधी एक दिवस ओल्या कागदात ठेवली की पोटातली माती निघून जाते.

ही जात थंडीला कच्ची. डिसेंबरात पारा दहाच्या खाली जातो तेव्हा क्रेट गॅलरीतून आत, स्वयंपाकघराच्या ओट्याखाली येतं. आईची त्याला हरकत नाही. केळ्याची सालं ती स्वतःच त्यात टाकते. गांडुळं पुढे कुठे जातात, एवढं विचारत नाही.