धुळे ते पाटणादेवी आणि दिवेलागणीच्या आत घरी: एका दिवसाच्या सहलीचं नियोजन

एका दिवसाची सहल फसते ती बहुधा किलोमीटर मोजून ठरवल्यामुळे. धुळ्याहून चाळीसगाव साधारण ५५ ते ६० किमी, तिथून जंगलातलं पाटणादेवीचं देवस्थान १८ किमी. म्हणजे जाऊन-येऊन दीडशे. आकडा ऐकून वाटतं, आठला निघालं तरी चालेल. मग रस्त्यात चहा, चाळीसगावात नाश्ता, देवीच्या पायथ्याशी पोचता पोचता साडेअकरा, डोक्यावर ऊन, आणि परतीला अंधारात कापसाच्या ट्रॉल्यांमागे रांग. हीच सहल पहाटे निघून, परतीची वेळ आधी बांधून केली तर निवांत होते.

म्हणून पहिलं काम नकाशा उघडण्याचं नाही, सूर्यास्त बघण्याचं. धुळ्यात डिसेंबरात सूर्य सहाच्या आतच मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या आसपास. हा जवळपास दीड तासाचा फरक सगळ्या बेतात उतरतो. डिसेंबरातल्या रविवारचा हिशोब उलट्या बाजूने असा लावा:

धुळ्यात पोचायचं पावणेसहाला. चाळीसगाव ते धुळे गाडी चालवायला दीड तास धरा आणि त्यावर पाऊण तास राखीव ठेवा. पंक्चर, रस्त्याचं काम, गावातली वरात यांपैकी काहीतरी होतंच. म्हणजे चाळीसगाव सोडायचं साडेतीनला. तिथे जेवण एक तास आणि छायाचित्रकार केकी मूस यांचं कलादालन एक तास, म्हणजे चाळीसगावात परत यायचं दीडला. पाटणादेवीहून चाळीसगाव पाऊण तास, म्हणजे देवीपासून निघायचं पावणेएकला. देवीपाशी साडेतीन तास हवेत, म्हणून पोचायचं सव्वानऊला. जाताना चहा-नाश्त्यासकट अडीच तास. घर सोडायचं पावणेसातला, उजाडता उजाडता.

या साखळीत एकच वेळ पक्की माना: पावणेएकला देवीपासून निघणं. बाकी सगळं मागेपुढे झालं तरी चालतं. सकाळी अर्धा तास उशीर झाला तर तो देवीपाशीच्या साडेतीन तासांतून कापायचा, परतीच्या राखीव पाऊण तासातून कधीच नाही. ही राखीव वेळ सकाळीच उधळली की संध्याकाळी तिची गरज पडते तेव्हा हातात काही उरत नाही.

ऋतूप्रमाणे हिशोब बदला. ऑक्टोबर उतरल्यापासून फेब्रुवारीपर्यंत वरचं वेळापत्रक जसंच्या तसं चालतं. एप्रिल-मेमध्ये खान्देशात पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा हा पूर्ण दिवसाचा बेत करूच नका. सव्वापाचला निघा, साडेसातपर्यंत पाटण्याला, म्हणजे पाटणादेवीला, पोचा, दहा-साडेदहाला गाडीत बसा आणि दुपारी एकच्या आत घर गाठा. कलादालन हिवाळ्यासाठी ठेवा. पावसाळ्यात, विशेषतः ऑगस्ट-सप्टेंबरात, केदारकुंड आणि धवलतीर्थ हे धबधबे बघण्यासारखे असतात, पण तेव्हाचे नियम वेगळे आहेत. ते पुढे येतील. नवरात्रात आणि चैत्रात देवीला गर्दी असते. दर्शनालाच जायचं असेल तर जरूर जा, पण तेव्हा जंगल फिरणं आणि कलादालन बेतातून काढून टाका.

रस्ता

धुळे-चाळीसगाव हा सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग ५२ चा भाग. शिरूड, पुढे मेहुणबारे, गिरणेचा पूल आणि मग चाळीसगाव. थांबायचं असेल तर मेहुणबाऱ्याला थांबा. अंतर निम्म्याच्या पुढे गेलेलं असतं आणि पाय मोकळे करायला बरं पडतं. रस्ता आग्नेयेला जातो, म्हणून हिवाळ्यात सकाळी ऊन डाव्या हाताला समोरून डोळ्यांत येतं. निघण्यापूर्वी समोरची काच आतून-बाहेरून पुसून घ्या. बाहेरची सगळेच पुसतात, आतला तेलकट थर राहतो आणि कोवळं ऊन पडलं की काच पांढरी होते. उन्हाळ्यात संध्याकाळी परतलात तर हाच त्रास तेव्हा होतो.

नोव्हेंबर ते जानेवारी या रस्त्यावर सगळ्यात जपायचं ते कापसाच्या ट्रॉलीला. ट्रॉली भरली की कापूस दोन्ही अंगांना फूट-दीड फूट बाहेर फुगलेला असतो. मागचा दिवा असला तरी त्या फुगवट्याखाली झाकला जातो, आणि ट्रॅक्टरवाल्याला आरशात मागचं काही दिसत नाही. जवळ चिकटू नका, चार-पाच गाड्यांचं अंतर ठेवा. हॉर्न वाजवून ट्रॅक्टर थोडा डावीकडे सरकतो का बघा, आणि समोर सरळ रस्ता मोकळा दिसला तरच काढा. उसाच्या जोड-ट्रॉल्यांच्या बाबतीत तर दुसरी ट्रॉली वळणावर आत घुसते, म्हणून वळणावर शेजारी जाऊच नका.

पावसात दुसरी गोष्ट म्हणजे काळी माती. डांबराच्या कडेची साइडपट्टी कोरडी असताना दगडासारखी असते, पण एक पाऊस पडला की तीच चिखल होते. समोरच्याला वाट द्यायला दोन चाकं खाली घातली की गाडी तिथेच बसते. बसली तर ॲक्सिलरेटर दाबू नका, चाक फिरून आणखी खड्डा करतं. चाकापुढची माती हाताने किंवा टॉमीने काढा, खाली दगड, विटांचे तुकडे किंवा वाळक्या पऱ्हाट्या (कापसाच्या काड्या) घाला, बाकीच्यांना उतरवा आणि दुसऱ्या गिअरमध्ये हलक्या पायाने काढा. बहुतेक गाड्या दोन-तीन प्रयत्नांत निघतात. निघाली नाही तर शेतातला ट्रॅक्टर शोधा, त्यासाठी डिकीत दोर ठेवलेला असतो हे बघा.

चाळीसगाव शहरात सकाळी फार अडचण नसते, दुपारी असते. आठवडे बाजार कोणत्या वारी आहे ते आदल्या दिवशी विचारा आणि तो दिवस टाळा. पाटण्याचा रस्ता विचारताना किती लांब असं विचारलं की ‘जवळच शे’ असं उत्तर मिळतं. गाडीने किती वेळ लागेल असं विचारा, उत्तर बरंच खरं निघतं.

गाडीची तयारी, आदल्या संध्याकाळी

टायरमधली हवा गाडी थंड असताना तपासा, सकाळी पंपावर थांबून नव्हे. दहा-पंधरा किमी चालल्यावर टायर तापून हवा तीन-चार पीएसआय वाढलेली दिसते. ती पाहून पंपावरचा मुलगा कमी करतो आणि थंड झाल्यावर टायर मऊ पडतो. मऊ टायर उन्हाळ्यात जास्त वाकतो, जास्त तापतो आणि मग फुटतो. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. पाच जण आणि सामान असेल तर त्यातला भरलेल्या गाडीचा आकडा पाळा. टायरच्या बाजूला डॉट या इंग्रजी अक्षरांनंतर शेवटचे चार अंक दिसतील. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३२१८ म्हणजे २०१८ सालचा ३२वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षं झालेला टायर मे महिन्यात लांब नेऊ नका.

स्टेपनीत हवा आहे का हे फार कमी लोक बघतात. जॅक, पाना, आणि चाकाचे नट त्या पान्याने सैल होतात का हेही तपासा. मशीनने घट्ट केलेले नट गाडीतल्या छोट्या पान्याने सुटत नाहीत, आणि हे उन्हात उभं राहून कळणं वाईट. कूलंटची पातळी बाहेरच्या डब्यात बघा. गाडी तापलेली असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. बाइकवाल्यांनी चेनला तेल आणि ट्यूबलेस असेल तर पंक्चरचा संच घ्यावा. बाभळीचा काटा टायरमध्ये दिसला आणि हवा टिकून असेल तर तो तिथे उपटू नका, पंक्चरवाल्यापर्यंत तसाच न्या.

इंधनाचा हिशोब: १५० किमी अधिक फिरणं, म्हणून १८० धरा. लिटरला १५ किमी देणाऱ्या गाडीला १२ लिटर, ४५ देणाऱ्या बाइकला ४ लिटर. धुळ्यात आदल्या रात्रीच भरा. चाळीसगाव सोडल्यावर पंपाच्या भरवशावर राहू नका. फास्टॅगवर शिल्लक ठेवा. आरसी, विमा, पीयूसी डिजिलॉकरमध्ये चालतं, पण फोन बंद पडला तर म्हणून छापील प्रतही गाडीत असू द्या. वनखात्याच्या नाक्यावर देण्यासाठी सुटे पैसे वेगळे काढून ठेवा, तिथे यूपीआयला रेंज मिळेलच असं नाही. त्याच कारणासाठी नकाशा घरीच ऑफलाइन उतरवून घ्या.

पाटण्यात वेळ कसा वापरावा

हा भाग गौताळा औट्रम घाट अभयारण्यात येतो, १९८६ साली ते जाहीर झालं. नाक्यावर नोंद करा आणि बाहेर पडायची वेळ विचारून घ्या. सकाळी आधी जंगल, मग दर्शन, असा क्रम ठेवा. उन्हं चढण्याआधी चालणं होतं आणि देवळात सावलीला बसता येतं. साडेतीन तासांत केदारकुंड किंवा धवलतीर्थ यांपैकी एक आणि चंडिकादेवीचं मंदिर नीट होतं. दोन्ही करायला गेलं की पळापळ होते. नागार्जुन लेणी आणि सीता न्हाणी पाहायची असतील तर पाण्याची बाजू सोडा.

पाटण्याला गणिताचाही मोठा वारसा आहे आणि मुलं बरोबर असतील तर तो सांगायलाच हवा. ‘लीलावती’ लिहिणारे भास्कराचार्य १११४ सालचे. त्यांचा नातू चांगदेव याने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला आणि निकुंभ राजांनी त्याला दान दिलं, हे इथल्या शिलालेखात कोरलेलं आहे. तो शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. आठशे वर्षांपूर्वी या दरीत ज्योतिष-गणिताचे वर्ग भरत होते, हे कळलं की मुलं त्या जागेकडे वेगळ्या नजरेने बघतात.

नकाशावर एक फसवणूक आहे. पितळखोरा लेणी पाटणादेवीला खेटून दिसतात, म्हणून ‘तेही करून टाकू’ असं ठरतं. प्रत्यक्षात ती डोंगराच्या वरच्या अंगाला आहेत. गाडीने जायचं तर चाळीसगावला परत येऊन कन्नडचा औट्रम घाट चढावा लागतो. घाटात एक गाडी बंद पडली तरी तासन्तास अडकायला होतं, आणि पावसात तिथे दरड येते. पितळखोऱ्यासाठी दुसरा दिवस काढा.

पावसाळ्याचे नियम असे: दरीतल्या ओढ्यांचं पाणी वरच्या पठारावरून येतं. खाली ऊन असताना वर पाऊस झाला तर ओढा काही मिनिटांत फुगतो. म्हणून पाणी अचानक गढूळ झालं किंवा पालापाचोळा, काड्या वाहून येऊ लागल्या की लगेच ओढ्याच्या परतीच्या काठावर या, पलीकडे अडकू नका. कड्याकडे ढग काळे झाले की धबधब्याखालून बाहेर. शेवाळलेल्या दगडावर रबरी चपला चालत नाहीत, खाचा असलेले बूट घाला. वर्षभरासाठी सांगायचं तर कड्यांना आग्या मोहोळं असतात. धूर, उग्र अत्तर आणि आरडाओरडा टाळा. माकडांसमोर पिशवी उघडू नका. हे बिबट्याचं रान आहे, लहान मुलांना पुढे-मागे सुटं सोडू नका.

खाणं-पिणं

पाणी हिवाळ्यात माणशी दोन लिटर, उन्हाळ्यात चार. घरून दशम्या घ्या. दुधात भिजवल्यामुळे त्या संध्याकाळपर्यंत मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, कांदा, मिरचीचा ठेचा. वांग्याचं भरीत थंडीत न्यायला हरकत नाही, उन्हाळ्यात दुपारपर्यंत आंबतं. चाळीसगावात जेवलात तर शेवभाजी बाकीच्यांनी मनसोक्त खावी, गाडी चालवणाऱ्याने अर्ध्या पोटावर थांबावं. दुपारी दोन ते चार ही डुलकीची वेळ आणि परतीचा रस्ता नेमका त्याच वेळी सुरू होतो. जेवण झाल्यावर लगेच गाडीत न बसता तो तास कलादालनात घालवण्यामागे हेच कारण आहे. रेल्वे स्टेशनजवळच्या त्या बंगल्यात केकी मूस यांची छायाचित्रं, विशेषतः टेबलावर मांडणी करून काढलेली, सावकाश बघायला तासही कमी पडतो. उघडं असल्याची खात्री मात्र आदल्या दिवशी फोन करून घ्या.

उशीर झालाच तर

चाळीसगावातच साडेपाच वाजले असतील तर घाईने निघू नका. चहा घ्या, चारही दिवे आणि इंडिकेटर कोणाला तरी मागे उभं करून तपासा, काच पुन्हा पुसा आणि ताशी पन्नासच्या वर न जाता या. चालवणारा थकला असेल आणि दुसरा परवानाधारक नसेल तर गाडी चाळीसगावात ओळखीच्या ठिकाणी लावा. धुळ्याला एसटी आहे, चाळीसगाव-धुळे रेल्वेही आहे. दोन्हींच्या शेवटच्या गाडीची वेळ सकाळी निघतानाच कागदावर लिहून डॅशबोर्डमध्ये ठेवलेली असावी.